त्या वेळी टेबलावर काय होतं: ड्राफ्ट-मूल्यांकनाच्या नोंदी, मार्च ते सप्टेंबर २०२५

१ मार्च २०२५, शनिवार

यंदा लिलावानंतर, म्हणजे ड्राफ्टनंतर, सगळ्या संघांना श्रेणी द्यायचं काम माझ्याकडे आलं. आमची फॅन्टसी बेसबॉलची लीग, म्हणजे मेजर लीगच्या खऱ्या खेळाडूंवर बोली लावून कागदावर संघ बांधायचे, बारा जणांची, सगळे न्यू जर्सीतले. दरवर्षी कुणीतरी हे काम अंगावर घेतो आणि रविवारी सकाळी 'याचं पिचिंग तगडं, त्याचं आउटफिल्ड कच्चं' अशा दहा ओळी लिहून मोकळा होतो. मला ते नीट करायचं आहे. माणसं महिनाभर तयारी करतात, सहा तास बसून एकेक डॉलर तोलून लावतात. त्या मेहनतीला दहा ओळी पुरत नाहीत.

नियम एकदाच लिहून ठेवतो. प्रत्येकाकडे २६० डॉलर, त्यात २३ खेळाडू घ्यायचे: १४ हिटर (बॅट चालवणारे), ९ पिचर (चेंडू फेकणारे). हिटरमध्ये दोन कॅचर, पाच आउटफिल्डर, बाकी इनफिल्ड आणि एक युटिलिटी, म्हणजे कुठलाही हिटर चालेल अशी जागा. खऱ्या सामन्यांतली आकडेवारी दहा रकान्यांत मोजायची: हिटरचे रन, होम रन, आरबीआय (त्याच्या फटक्यावर आलेले रन), स्टील (पळून चोरलेला बेस), अॅव्हरेज (हिटचं प्रमाण); पिचरचे विन, सेव्ह (शेवटी राखलेली निसटती आघाडी), स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन), व्हिप (इनिंगमागे बेसवर जाऊ दिलेले हिटर). प्रत्येक रकान्यात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. म्हणजे कमाल १२०. याला रोटिसरी म्हणतात, कारण १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी हा खेळ मांडला तेव्हा त्यांच्या बैठका न्यूयॉर्कच्या ला रोटिसरी फ्रान्सेझ या रेस्टॉरंटमध्ये व्हायच्या.

आयपीएलचा लिलाव डोळ्यांपुढे आणणाऱ्यांसाठी एक फरक. तिथे ऋषभ पंतवर २७ कोटी लागले तरी रोज मैदानात उतरतात ते अकरा-बाराच, बाकीचे बाकावर. इथे तेवीसच्या तेवीस जणांचे आकडे मोसमभर मोजले जातात. एक डॉलरला घेतलेला कॅचरही तुमचं अॅव्हरेज रोज खाली ओढत असतो.

८ मार्च

किमतीचा तक्ता बसवला. एकूण पैसा १२ गुणिले २६०, म्हणजे ३१२०. एकूण खेळाडू २७६. प्रत्येकाला किमान एक डॉलर लागणारच, ते २७६ बाजूला काढले की उरले २८४४. ते खेळाडूंच्या कुवतीप्रमाणे वाटायचे. कुवत कशावरून? झिप्स, स्टीमर, द बॅट आणि एटीसी या, खेळाडूंची मोसमातली कामगिरी आधीच वर्तवणाऱ्या, चार अंदाजांची सरासरी घेतली.

खरा प्रश्न होता की होम रन आणि स्टील एकाच तराजूत कसे घालायचे. त्यासाठी आमच्याच लीगचे जुने गुणतक्ते काढले. एक जागा वर सरकायला किती होम रन लागतात? आमच्याकडे साधारण नऊ. आरबीआय अठरा-एकोणीस. म्हणजे नऊ होम रन आणि अठरा आरबीआय यांचं वजन सारखं. हे सोपं निघालं.

स्टीलपाशी मात्र अडलो. २०२३ पासून मेजर लीगने बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले आणि पिचरला धावपटूकडे चेंडू फेकायला दोनदाच मुभा ठेवली. तिसऱ्यांदा फेकून तो बाद झाला नाही तर त्याला एक बेस फुकट. २०२२ मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून २४८६ स्टील होते, २०२३ मध्ये ३५०३. म्हणजे २०२१-२२ चे आमचे गुणतक्ते स्टीलसाठी निरुपयोगी. तेव्हा एका जागेला पाच-सहा पुरायचे, आता आठ लागतात. जुनी वर्षं धरली असती तर प्रत्येक वेगवान आउटफिल्डरची किंमत फुगली असती. त्या एका रकान्यासाठी फक्त २०२३ आणि २०२४ ठेवली.

अॅव्हरेजचंही वेगळंच. ते नुसतं मिळवायचं नसतं, किती वेळा बॅट हातात घेतली यावर त्याचं वजन ठरतं. संघाचं अॅव्हरेज .२५५ आणि एकूण ७००० अॅट बॅट असतील, तर ६०० अॅट बॅटमध्ये .३०० मारणारा २७ जास्तीचे हिट आणतो. संघाला जवळजवळ चार हजारांश. आमच्याकडे दोन हजारांशाला एक जागा, म्हणजे दोन जागा. तोच माणूस ३०० अॅट बॅटच खेळला तर एक.

१२ मार्च

काल यँकीजचा पिचर गेरिट कोल याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेल्या लिगामेंटची) झाली. पूर्ण मोसम गेला. त्याला तक्त्यातून काढला तर त्याच्या वाट्याचे डॉलर उरलेल्या सगळ्यांत वाटले गेले. वरच्या पिचरांची किंमत थोडी चढली आणि तळाला एक नवा माणूस एक डॉलरच्या रांगेत आला. यंत्रणा बरोबर चालते हे यातून कळलं, पण एका माणसाचं कोपर फाटल्यावर कळलं.

२२ मार्च, शनिवार. लिलाव

एडिसनला एकाच्या घरी तळघरात, दुपारी एक ते संध्याकाळी सात. डॉजर्स आणि कब्जचे टोकियोतले दोन सामने १८ आणि १९ तारखेला होऊन गेले, बाकीच्यांचा मोसम २७ ला सुरू. डॉजर्सचा मूकी बेट्स आजारी पडून टोकियोहून न खेळताच परत आला, वजन बरंच घटलंय. त्यामुळे त्याच्या बोलीच्या वेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

लेक सोबत आली होती. वय ११, गावच्या सॉफ्टबॉल संघात दुसऱ्या बेसवर खेळते. तिचं काम विक्रीची नोंद. ती माझ्या मागे स्टुलावर, मांडीवर पॅड, पेन्सिल. आरडाओरड्यात तिला पुकारा ऐकू येत नव्हता, म्हणून प्रत्येक सौदा तुटला की मी मान वळवून नाव, संघाचा क्रमांक आणि किंमत सांगायचो. घरी बोलतो तसं मराठीत. तिने २७६ ओळी लिहिल्या, एकही न गाळता. चौथ्या तासाला पेन्सिल बोथट झाली तेव्हा कुणाला न विचारता उठून किचनमधून सुरी आणली आणि टोक काढलं.

पहिल्या तासात भाव चढे. जज ४९, विट ५०, ओटानी ५२. ओटानी गेल्या मोसमात फक्त डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळल्यामुळे यंदा युटिलिटीतच बसतो, ती एकमेव जागा अडते. तरीही ५२. चौथ्या तासानंतर खोली शांत होत गेली. प्रत्येकाची कमाल बोली बांधलेली असते: उरलेले पैसे, वजा रिकाम्या जागा, अधिक एक. शेवटी शेवटी कुणाची कमाल बोली चार, कुणाची दोन. मग कुणी नाव पुकारलं की बोलीआधी सगळ्यांची नजर कागदावर जायची: याच्यापेक्षा एक डॉलर जास्त कोण लावू शकतो?

२३ मार्च

कमिशनरची, म्हणजे लीग चालवणाऱ्याची, अधिकृत यादी रात्री येणार. तोवर थांबवेना म्हणून लेकीच्या कागदावरूनच भरायला सुरुवात केली. संघ क्रमांक ११ ची बेरीज आली २६२.

हे होऊच शकत नाही. दोनदा, तीनदा बेरीज केली. लीगची एकूण बेरीज ३११३, म्हणजे तिथे काही खटकत नव्हतं. काहींनी पैसे शिल्लक ठेवलेच होते. चूक फक्त त्या एका संघात. मग लेकीला शेजारी बसवलं आणि एकेक ओळ वाचली. केटेल मार्टे, ३१.

"मी किती सांगितलं होतं?"

"तू म्हणालास एकतीस."

मी म्हणालो होतो एकोणतीस. गलक्यात मधला 'ओण' हरवला आणि तिच्या कानावर 'एक' आणि 'तीस' एवढंच पडलं. तिला पन्नासपर्यंतचे आकडे येतात, पण एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या पायऱ्यांवर ती अजून थबकते; इंग्रजीत वाढलेल्या मुलीला पुढच्या दशकातून एक वजा करून आकडा म्हणायचा ही गोष्ट कानात बसायला वेळ लागतो. कागदावर २१, ३१ आणि ४१ असे लिहिलेले सगळे सौदे शोधून तपासले. बाकी सगळे बरोबर. रात्री कमिशनरच्या यादीतही मार्टे २९ च. लीगची खरी बेरीज ३१११, नऊ डॉलर खर्चच झाले नाहीत.

२४ मार्च

पहिली पद्धत: प्रत्येक खेळाडूची माझी किंमत वजा दिलेला भाव, आणि संघवार बेरीज. निकाल: माझा संघ पहिला, दुसऱ्यापेक्षा २३ डॉलरनी पुढे.

जेवताना हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तू ज्याला स्वस्त समजत होतास तेच घेतलेस ना?" बरोबर आहे. ज्या तक्त्यावरून मी बोली लावली त्याच तक्त्यावरून मोजतोय. माझ्या मते स्वस्त असलेला माणूस मिळाला की घेतला, महाग वाटला की सोडला. मग बेरजेत मी पुढे येणारच. त्या खोलीतल्या बाराही जणांच्या तक्त्यात तो तो स्वतःच पहिला असणार. असा निकाल पाठवणं म्हणजे आपल्याच मापाने आपलंच धान्य मोजणं.

दुसऱ्या पद्धतीत चार अंदाज वेगवेगळे घेतले आणि पाचवा मापदंड म्हणून इतर लीगच्या लिलावांतले सरासरी बाजारभाव. माझा संघ चार अंदाजांत पहिला, दुसरा, दुसरा, चौथा, बाजारभावाने पाचवा. श्रेणीसाठी यापुढे हे पाचही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे, सरासरी काढून झाकायचे नाहीत.

२५ मार्च

संघ क्रमांक ४. तीन नामी क्लोझर (सामन्याच्या शेवटी येऊन सेव्ह मिळवणारे पिचर): एमॅन्युएल क्लासे २०, जॉश हेडर १८, डेव्हिन विल्यम्स १७. पंचावन्न डॉलर सेव्हमध्ये. अंदाजे सेव्ह शंभरावर, आणि आमच्याकडे ८५ ला रकाना जिंकता येतो. वरच्या पंधरा-वीस सेव्हना एकही गुण मिळत नाही. नुसत्या डॉलरच्या बेरजेत हा संघ तिसरा दिसतो, रकानावार गुण मांडले की सातवा. म्हणून जास्तीच्या सेव्ह शून्य धरल्या. अदलाबदल करून त्या विकता येतील हे खरं, पण पोटात तीन क्लोझर असलेल्याला बाजारात भाव कोण देतो?

संघ क्रमांक ९ ने उलट केलं. एकही क्लोझर घेतला नाही, सेव्हमध्ये एक गुण आधीच कबूल केला. जिंकायला साधारण ८८ गुण लागतात. एक इथे गेला तर उरलेल्या नऊ रकान्यांत सरासरी ९.६७ हवेत. म्हणजे बाकी सगळीकडे तिसऱ्या जागेच्या आसपास. वाचलेले पैसे त्यांनी हिटरमध्ये घातले, पण स्टील कच्चे राहिले. एक रकाना सोडणं चालतं, दुसरा आपोआप सुटला की गणित बसत नाही.

संघ क्रमांक ७: जज ४९, विट ५०, डे ला क्रूझ ४३, पॉल स्कीन्स ३२. चौघांत १७४. उरलेल्या एकोणीस जागांना ८६, सरासरी साडेचार डॉलर. बारा संघांच्या लीगमध्ये लिलावात न गेलेले कामाचे खेळाडू बरेच उरतात, त्यामुळे एक डॉलरचा माणूस बदलणं सोपं आणि ५० डॉलरचा बदलणं अशक्य. म्हणून ही चाल मला पटते. पण चौघांपैकी एकाचा गुडघा गेला की संपलं. प्रत्येक खेळाडू किती सामने खेळेल हे बदलत संगणकावर हजार मोसम चालवून पाहिले: हा संघ पहिल्यापासून नवव्यापर्यंत कुठेही येतो. याला एकच अक्षर कसं द्यायचं? तरी लीगला अक्षरं हवी होती. 'बी प्लस' लिहिलं आणि खाली 'पहिला ते नववा' असंही लिहिलं.

२७ मार्च

काल रात्री श्रेणी पाठवल्या. आज सकाळी संघ क्रमांक ११ च्या काकांचा फोन. मूळ कोल्हापूरचे, लीगमध्ये वयाने सगळ्यांत मोठे. मी त्यांना 'सी' दिला होता आणि मार्टेला 'लिलावातला सगळ्यांत महागात पडलेला सौदा' म्हटलं होतं: माझी किंमत २३, दिले २९.

ते चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, "सी दिलास ते ठीक. पण त्या वेळी टेबलावर दुसरं काय होतं, ते बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. माझ्या तक्त्यात खेळाडू आडनावाने लावलेले, कमिशनरच्या यादीत संघवार. कोण कधी गेला हे कुठेच नाही. दुपारी लक्षात आलं की एका ठिकाणी आहे: लेकीच्या कागदावर. तिने सौदे झाले तसे लिहिलेत.

२९ मार्च

दोन रात्री घालून कागदावरचा क्रम तक्त्यात चढवला. आता प्रत्येक सौद्याच्या क्षणी किती पैसा उरला होता आणि किती माल उरला होता ते दिसतं. पहिल्या चाळीस जणांवर खोलीने १३३० डॉलर घातले, माझ्या हिशेबाने त्यांची किंमत १२४५. म्हणजे उरला पैसा १७९०, उरला माल १८७५ चा. तिथून पुढे एक डॉलरचा माल साधारण ९५ सेंटला मिळायला हवा होता. नुसतं एवढंच बघितलं तर काकांनी मार्टेला २९ देणं आणखीच चुकीचं.

पण मार्टे गेला ११८ व्या क्रमांकावर. त्या वेळी दुसऱ्या बेसवर भरवशाचा तो शेवटचा. त्याच्यामागे उरलेल्यांत सगळ्यात चांगल्याची किंमत ६. पाच संघांची ती जागा रिकामी. काकांकडे ६१ डॉलर, नऊ जागा. समजा त्यांनी सोडला असता आणि तो सहा किमतीचा माणूस पाचात घेतला असता, तर हातात २४ डॉलर जास्त राहिले असते. ते उरलेल्या आठ जागांत कुठे घालता आले असते? त्या क्षणी शिल्लक असलेले आणि त्यांच्या रिकाम्या जागांत बसणारे सगळे खेळाडू घेऊन शक्य त्या सगळ्या जोड्या लावल्या. सगळ्यात चांगल्या जोडीतही जास्तीत जास्त ११ डॉलरचा माल वाढतो, आणि काही पैसे खिशात राहतात. मार्टेमुळे वाढला १७ चा. २९ देणं बरोबर होतं.

मग हेच सगळ्या २७६ सौद्यांना लावलं: त्या क्षणी त्या संघासमोर दुसरा चांगला पर्याय काय होता, आणि निवडलेला त्याच्यापेक्षा किती बरा. निकाल बराच हलला. माझे स्वतःचे दोन 'स्वस्त' आउटफिल्डर चुकीचे ठरले. ते घेतले तेव्हा त्याच तोडीचे सहा जण शिल्लक होते आणि पंधरा मिनिटांनी ते निम्म्या भावात गेले. काका 'सी' वरून 'बी प्लस'. मी 'ए' वरून 'बी'. सुधारित यादी रात्री पाठवली, बदलाचं कारण आणि मार्टेचं गणित पूर्ण लिहून. काकांना वेगळा फोन केला.

६ एप्रिल

मार्टे हॅमस्ट्रिंग दुखावून बाहेर. काकांची श्रेणी बदलली नाही, बदलायचीही नाही. २२ मार्चला त्या खोलीत कुणालाही हे दिसत नव्हतं.

२९ जुलै

काल क्लासेला मेजर लीगने बेटिंगच्या चौकशीमुळे रजेवर पाठवलं. क्रमांक ४ चे विल्यम्स एप्रिलअखेर काही काळ क्लोझरच्या जागेवरून उतरले होतेच. आता भरवशाचा एकटा हेडर. ज्या सेव्ह मी मार्चमध्ये शून्य धरल्या होत्या, त्यांच्यावरच तो संघ आजवर तग धरून होता.

२९ सप्टेंबर

मोसम काल संपला. क्रमांक ४ च्या तिघांच्या सेव्ह: हेडर २८ (ऑगस्टमध्ये त्याचाही खांदा गेला), क्लासे २४, विल्यम्स १८. सत्तर. मी शंभरावर धरल्या होत्या. म्हणजे दोन चुका झाल्या: अंदाजाला पक्का आकडा मानलं, आणि त्या पक्क्या आकड्याच्या वरचं सगळं फुकट ठरवलं. क्लोझरची जागा इतकी डळमळीत असते की तिसऱ्या क्लोझरला विम्याचा हप्ता म्हणून काहीतरी मोल द्यायलाच हवं. होम रनच्या बाबतीत मी असा कठोर झालो नव्हतो, कारण तिथे जास्तीचे होम रन मला वाया वाटलेच नाहीत.

कॅल रॅलेचे ६० होम रन. कॅचर म्हणून खेळणाऱ्याने आजवर एका मोसमात एवढे कधी मारले नव्हते. आधीचा विक्रम साल्वाडोर पेरेझचा, ४८. आमच्याकडे तो १९ ला गेला होता. घेणाऱ्याला त्या सौद्यासाठी मी 'ठीक' लिहिलं होतं आणि ते मी बदलणार नाही, कारण चारांपैकी एकाही अंदाजाने याच्या जवळपासचंही काही म्हटलं नव्हतं. तो संघ तिसरा आला.

पहिला आला क्रमांक ७. जजने .३३१ मारले, ५३ होम रन. स्कीन्सचा ईआरए १.९७, डे ला क्रूझ सगळे १६२ सामने खेळला. चौघेही उभे राहिले. मार्टे मेमध्ये परतला आणि २८ होम रनवर थांबला, काका चौथे. मी सहावा. लिलावात घेतलेल्या माझ्या तेवीसपैकी शेवटच्या दिवशी अकराच माझ्याकडे होते.

पुढच्या मार्चआधी दोन कामं. हजार मोसम चालवताना क्लोझरची जागा जाण्याची शक्यता वेगळी घालायची, दुखापतीत मिसळायची नाही. आणि नोंदीच्या कागदाला पहिला रकाना अनुक्रमाचा. तो लेकीने आजच वहीत आखून ठेवलाय, १ ते २७६, आणि शेजारी वेळेचा एक रकाना तिने स्वतःहून वाढवलाय.